फोनवरची सिस्टर: एनएचएस डायरेक्ट कशी आली, कशी गेली

मध्यरात्री तापाने फणफणलेलं लेकरू मांडीवर घेऊन बसलेल्या आईला एकच कळायला हवं असतं: आत्ताच दवाखाना गाठायचा, की सकाळपर्यंत थांबलं तरी चालेल? इंग्लंडमध्ये १६ वर्षं या प्रश्नाचं उत्तर 'एनएचएस डायरेक्ट' या फोनसेवेवर नर्स देत होती. एनएचएस म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा.

फोनवरून रोग्याची चौकशी ही कल्पना मात्र टेलिफोनइतकीच जुनी आहे. १८७९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक हकिगत छापून आली होती. डॉक्टरांनी मूल फोनजवळ धरायला लावलं, त्याचा खोकला ऐकला आणि हा क्रूप (लहान मुलांच्या श्वासनलिकेला सूज आणणारा आजार) नव्हे असं सांगून घरच्यांना निश्चिंत केलं.

नर्सेस हे काम फार आधीपासून करत होत्या, फक्त ते कुठे मांडलं जात नव्हतं. कॅज्युअल्टीत फोन वाजला की हाताशी असलेली सिस्टर तो उचलायची, सुचेल तो सल्ला द्यायची आणि पुन्हा कामाला लागायची. बहुतेक वेळा नोंदही व्हायची नाही. दुसरीकडे, रात्री-अपरात्री येणाऱ्या फोनांनी जीपी, म्हणजे तिथले घरचे डॉक्टर, मेटाकुटीला आले होते. विल्टशरमध्ये वर्षभर एक चाचणी झाली. अवेळी १४ हजारांवर कॉल आले; काही दिवशी त्यांच्याशी आधी नर्स बोलत असे, काही दिवशी नेहमीची पद्धत. नर्सपाशी आलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे कॉल तिनेच निभावले, आणि मृत्यू वाढले नाहीत.

हे निष्कर्ष १९९८च्या ऑक्टोबरमध्ये छापून आले, पण सरकार तोवर थांबलं नव्हतं. डिसेंबर १९९७च्या श्वेतपत्रिकेत घोषणा झाली आणि मार्च १९९८मध्ये लँकेशर, मिल्टन कीन्स आणि नॉर्थंब्रिया इथे एनएचएस डायरेक्ट सुरूही झाली. २००० साल संपेपर्यंत ती इंग्लंडभर पोचली होती. आजारपणामुळे किंवा अपंगत्वामुळे वॉर्डात उभं राहणं जमत नसलेल्या कितीतरी अनुभवी नर्सेसना इथे पुन्हा काम मिळालं. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

नर्ससमोर संगणकावर प्रश्नांची मालिका असे, पण खरं काम कानाचं होतं. अंगावर पुरळ आहे म्हटल्यावर ती सांगे, काचेचा ग्लास त्यावर दाबून धरा. डाग फिकट होतात का? होत नसतील तर मेंदूज्वराची शंका, ताबडतोब ९९९, म्हणजे तिथला तातडीच्या मदतीचा नंबर. श्वासाचा आवाज ऐकायचा तर फोन मुलाच्या तोंडाशी. १८७९ची युक्तीच की ही!

२०१० साली सरकारने ठरवलं की यापुढे १११ हा एकच नंबर. त्यावर आधी बोलणार प्रशिक्षित कॉल-हँडलर, जो नर्स नव्हे, आणि गरज पडली तरच पुढे नर्स. खर्च कमी, हे उघड कारण. एनएचएस डायरेक्टने नव्या व्यवस्थेतही ४६ पैकी ११ कंत्राटं मिळवली, पण ती परवडेनात, आणि जुलै २०१३मध्ये तिने माघार घेतली. त्याच वसंतात बऱ्याच भागांत १११वर लोक ताटकळत राहिले होते. ३१ मार्च २०१४ला एनएचएस डायरेक्ट बंद झाली.

नर्सला फोनपासून एक पायरी मागे सरकवणं ही चूक होती असं माझं मत आहे. २०१७ साली इंग्लंडच्या आरोग्यसेवेनेच नर्स, डॉक्टर अशा जाणकारांपर्यंत पोचणाऱ्या कॉलचं प्रमाण २२ टक्क्यांवरून ३०च्या वर न्यायचं उद्दिष्ट ठेवलं.