एका बोंडातली चार प्रकारची सरकी

पेरण्या जवळ आल्या की माझ्या फोनवर तोच निरोप पुन्हा येतो: 'कंपन्यांनी बियाण्यात टर्मिनेटर जनुक घातलंय, म्हणून घरची सरकी उगवत नाही.' हे खोटं आहे. टर्मिनेटरचं पेटंट अमेरिकेत १९९८ साली निघालं, पण तसलं बियाणं जगात कुठंही विक्रीला आलं नाही. बीटी कपाशीची, म्हणजे अळीला मारणारं जनुक घातलेल्या कपाशीची, सरकी ओल्या मातीत टाका, आठवडाभरात कोंब दिसतो. तरीही शेतकरी दरवर्षी पाकीट विकतच घेतो. असं का, ते नीट पाहायला हवं, कारण शेंदरी बोंडअळीची गोष्टही तिथूनच सुरू होते.

मार्च २००२ मध्ये महिको-मोन्सँटो या कंपनीच्या तीन बीटी वाणांना परवानगी मिळाली. तिन्ही संकरित. संकरित बियाणं करताना संध्याकाळी मादी वाणाची कळी नखानं सोलून पुंकेसर काढतात आणि सकाळी नर वाणाचं फूल तिच्यावर फिरवतात. एकेक फूल, हातानं. त्यातून येणारी पहिली पिढी जोमदार असते; तिची सरकी पेरली तर झाडं लहानमोठी, बोंडं कमीजास्त. बियाणं राखण्याचा हक्क २००१ च्या कायद्यानं शेतकऱ्याला दिला आहे, पण संकरात तो कागदावरच राहतो. कंपनीला पेटंटसुद्धा लागत नाही.

आता बोंड फोडून बघू. २००६ मध्ये आलेल्या बॉलगार्ड-२ या बीटी कपाशीत अळीला मारणारी दोन जनुकं आहेत, क्राय१एसी आणि क्राय२एबी. आपल्याकडच्या संकरात ती बहुधा एकाच जनकाकडून येतात, म्हणजे झाडात प्रत्येकाची एकच प्रत. पानात, पातीत (कळीत), बोंडाच्या सालीत दोन्ही विषं असतात. पण सरकीतला मगज ही पुढची पिढी! शाळेतला मेंडेलचा वाटाणा आठवा, ९:३:३:१. सोळा सरक्यांपैकी नऊमध्ये दोन्ही विषं, तिनांत फक्त पहिलं, तिनांत फक्त दुसरं आणि एकीत कुठलंच नाही. एकाच बोंडात चारही प्रकार शेजारीशेजारी.

शेंदरी अळीचं पोट नेमकं याच सरकीवर भरतं. अंड्यातून निघाली की ती बोंडात शिरते, मागचं भोक बुजतं, फवारा आत पोहोचत नाही. बिनविषाच्या सरकीवर ती थोडी मोठी होते, मग एका विषाच्या सरकीत शिरते. प्रतिकाराच्या जनुकाची एकच प्रत असलेली अळी पूर्ण मात्रेनं मरते, अर्धवट मात्रेनं मात्र तगते. अशा दोन तगलेल्यांच्या पिल्लांत काहींना दोन्ही प्रती मिळतात, आणि त्यांना पूर्ण मात्राही बाधत नाही. हे टाळायला ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅम बिगरबीटी बियाणं दिलं जाई, म्हणजे त्यावर वाढलेल्या साध्या, प्रतिकार नसलेल्या पतंगांशी जोड्या जुळून प्रतिकार पातळ व्हावा. ते बहुतेकांनी पेरलंच नाही. कोरडवाहू एकरातली जागा अळीसाठी सोडा, असं सांगणं सोपं असतं.

२०१० मध्ये गुजरातेत पहिलं विष पचवणारी अळी असल्याचं मोन्सँटोनंच जाहीर केलं. पुढे दुसरंही निकामी झालं. २०१७ मध्ये विदर्भ-मराठवाड्यात बोंड दाबलं की कवडी निघायची, डागाळलेली रुई आणि मधोमध शेंदरी अळी. अमेरिकेत सरळ, म्हणजे संकर नसलेले, बीटी वाण होते, प्रत्येक सरकीत विष. जोडीला नसबंदी केलेले पतंग सोडले. तिथं २०१८ मध्ये ही अळी संपल्याचं जाहीर झालं.

बीटी सरकीच्या तेलानं माणसाला बाधा होते, या अफवेतही दम नाही. हे प्रथिन अळीच्या अल्कधर्मी आतड्यात विरघळून तिथल्या पेशींना चिकटतं. आपलं जठर आम्लधर्मी आहे आणि आपल्या पेशींवर ते चिकटण्याची जागाच नाही. 'बीटी लावा, फवारणी विसरा' ही जाहिरातबाजीही तितकीच घातक ठरली.

सरळ बीटी वाण आपल्याकडे खूप उशिरा आले: सुरज बीटी, रजत बीटी, अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचं पीकेव्ही ०८१ बीटी. यांची सरकी घरी राखून पेरता येते. पण त्यांत एकच जनुक आहे, क्राय१एसी. शेंदरी अळीनं ते कधीच पचवलंय.