कपाची कड, तीव्र मध्यम आणि निळा कागद

१८३३ चा ऑक्टोबर. इटलीतल्या कोमो सरोवराच्या काठी विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट हे इंग्रज गृहस्थ चित्र काढायला बसले होते. हाताशी ‘कॅमेरा ल्युसिडा’ नावाचं उपकरण होतं. नाव कॅमेऱ्याचं असलं तरी तो म्हणजे दांडीवर बसवलेला एक छोटासा प्रिझम. त्यातून पाहिलं की समोरचा देखावा खालच्या कागदावर पसरल्यासारखा दिसतो, पेन्सिलीनं तो फक्त गिरवायचा. टॅल्बट गणिती होते, वनस्पतिशास्त्राचा त्यांचा अभ्यास दांडगा होता, पण हात काही वळेना. प्रिझमवरून डोळा हटवला की कागदावर उरायच्या त्या केविलवाण्या रेघा. तेव्हा त्यांच्या मनात आलं, हा देखावा आपला आपणच कागदावर उमटला आणि तिथंच टिकला तर? पुढच्या वर्षी त्यांनी चांदीच्या क्षारांवर प्रयोग सुरू केले आणि १८३५ मध्ये घरातल्या जाळीदार खिडकीचं चिमुकलं निगेटिव्ह त्यांच्या हाती आलं.

म्हणजे फोटोग्राफीची एक मोठी शाखा जन्माला आली ती न जमलेल्या छंदातून. हाताला जे साधेना ते टॅल्बटनी प्रकाशावर आणि रसायनांवर सोपवलं. त्यानंतर आपण एकेक काम कॅमेऱ्याकडे देत गेलो: प्रमाण मोजणं, वेळ राखणं, उजेडाचा अंदाज घेणं. आणि गंमत अशी की अनेक फोटोग्राफर फावल्या वेळात नेमकी हीच कामं पुन्हा स्वतःच्या हातात घेतात. कुणी स्केचबुक उघडतं, कुणी पियानोवर बसतं, कुणी अंधाऱ्या खोलीत वाटीत रसायनं कालवतं. याला नुसता विरंगुळा म्हणायला मी तयार नाही. या छंदांच्या पोटात बरंच विज्ञान आहे, आणि ते थेट पाहण्याच्या क्रियेशी जोडलेलं आहे.

टेबलावर एक कप ठेवा. खुर्चीत बसून त्याची वरची कड कागदावर काढा, घाई न करता. मग एक डोळा मिटा, हात ताठ करून पेन्सिल समोर धरा आणि कडेची रुंदी व उंची पेन्सिलीवर अंगठ्यानं मोजा. मी पहिल्यांदा मोजलं तेव्हा चकित झालो. कडेचा लंबगोल उंचीला रुंदीच्या निम्माही भरत नव्हता, आणि माझ्या चित्रात तो पाऊण झाला होता. चूक हाताची नव्हती. कपाचं तोंड गोल असतं हे मेंदूला पक्कं ठाऊक असतं, आणि डोळ्याच्या पडद्यावर पडलेली चपटी प्रतिमा तो आपल्याला कळू न देता त्या गोलाकडे ओढतो. मानसशास्त्रात याला आकारस्थैर्य म्हणतात. रोजच्या जगण्यात ही फार मोलाची सोय आहे, नाहीतर उघडणारं प्रत्येक दार आपल्याला आकार बदलत असल्यासारखं वाटलं असतं. फोटो काढताना मात्र तीच आडवी येते.

कारण कॅमेऱ्याला मेंदूची ही दुरुस्ती ठाऊक नाही. क्षितिजावर भला थोरला दिसलेला चंद्र फोटोत टिकलीएवढा येतो, हा अनुभव कुणाला नाही? आकाशात चंद्र जेमतेम अर्धा अंश जागा व्यापतो. ५० मिलिमीटरची लेन्स लावली तर ३६ मिलिमीटर रुंदीच्या सेन्सरवर त्याची प्रतिमा अर्ध्या मिलिमीटरचीही नसते. चित्र काढणाऱ्याला हे पेन्सिलीवर मोजून आधीच कळलेलं असतं. आणखी एक युक्ती चित्रकार शिकवतात. कपाचा कान काढू नका, कान आणि कप यांच्या मधली पोकळी काढा. पोकळीला नाव नसतं, तिचा ठरलेला आकार मेंदूत साठवलेला नसतो, त्यामुळे ती जशी आहे तशीच उतरते. आठवडाभर पोकळ्या काढल्यावर व्ह्यूफाइंडरमध्ये दोन माणसांच्या मधलं आकाश आपोआप दिसायला लागतं. हे मी स्वतः अनुभवलं आहे.

चित्राचा स्मरणाशीही संबंध आहे. लिंडा हेन्केल या मानसशास्त्रज्ञांचा एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी काही जणांना संग्रहालयातून फिरवलं, काही वस्तूंचे फोटो काढायला सांगितलं आणि काही नुसत्या पाहायला. दुसऱ्या दिवशी विचारलं तेव्हा फोटो काढलेल्या वस्तू लोकांना कमी आठवत होत्या. पण जिथं वस्तूच्या एखाद्या भागावर झूम करून फोटो घ्यायला सांगितलं होतं, तिथं ही घट दिसली नाही. म्हणजे दोष कॅमेऱ्याचा नव्हता, लक्ष देण्याचं कामही कॅमेऱ्यावर सोडून देण्याचा होता. याच्या उलट बाजूचे प्रयोग कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात झाले आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. लोकांना साधे शब्द दिले, काही लिहून काढायचे, काहींचं चित्र काढायचं. चित्र काढलेले शब्द सरस लक्षात राहिले. प्रत्येक शब्दाला फक्त चार सेकंद दिले तरी हा फरक टिकला, आणि चित्र चांगलं होतं की वाईट याला महत्त्व नव्हतं. ज्याचा हात टॅल्बटसारखा आहे त्यानं स्केचबुक घ्यायला कचरू नये, इतकं यातून नक्की निघतं.

आँरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी तरुणपणी आंद्रे लोत यांच्याकडे चित्रकलेचे धडे घेतले होते. पुढे कॅमेऱ्यानं त्यांना जगभर नाव दिलं, आणि १९७० च्या दशकात त्यांनी तो जवळजवळ खाली ठेवून पुन्हा पेन्सिल उचलली. २००४ मध्ये ते गेले, तोवर चित्रं काढणं चालूच होतं.

आता माझ्या सगळ्यात आवडीच्या गोष्टीकडे येतो. मध्य सप्तकातल्या सा पेक्षा तार सप्तकातल्या सा ची कंपनसंख्या बरोबर दुप्पट असते. त्याच्या वरच्या सा ची त्याच्याही दुप्पट. आकडे दोन, चार, आठ असे झेपावत जातात, पण कानाला मात्र एकसारख्या पायऱ्या चढल्यासारखं वाटतं. डोळाही जवळपास असाच वागतो. उजेड दुप्पट, चौपट, आठपट होत गेला तर आपल्याला साधारण सारख्याच टप्प्यांनी वाढल्यासारखा भासतो. फोटोग्राफीत प्रकाश मोजतात तो स्टॉपमध्ये, आणि एक स्टॉप म्हणजे प्रकाशाची एक दुप्पट. गवयाचं सप्तक आणि फोटोग्राफरचा स्टॉप ही एकाच पद्धतीची मापं आहेत.

इथंच थांबत नाही. लेन्सवरचे आकडे पाहा: १, १.४, २, २.८, ४. प्रत्येक आकडा आधीच्याला २ च्या वर्गमुळानं, म्हणजे साधारण १.४१४ नं गुणून येतो. अॅपर्चर म्हणजे लेन्समधलं प्रकाश आत घेणारं गोल भोक, आणि आकडा जितका मोठा तितकं ते लहान. त्याचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर ठरतं, म्हणून प्रकाश निम्मा करायला व्यास १.४१४ नं भागावा लागतो. आता कीबोर्डवर या. सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात, आणि सा पासून सहावी पट्टी म्हणजे तीव्र मध्यम. सप्तकाच्या बरोबर मध्यावर बसलेल्या या स्वराची कंपनसंख्या सा च्या किती पट? २ च्या वर्गमुळाइतकी. सा, तीव्र मध्यम, तार सा, तार तीव्र मध्यम, आणि त्यावरचा सा. कंपनसंख्यांची गुणोत्तरं मांडलीत तर लेन्सवरचेच आकडे समोर येतात. हे जुळतं तेव्हा माझ्या अंगावर काटा येतो. अॅपर्चरची कडी फिरवताना मी मनात हे स्वर म्हणतो, आणि आकडे कधी पाठ करावे लागले नाहीत.

अमेरिकी फोटोग्राफर अॅन्सेल अॅडम्स मुळात पियानोवादक व्हायला निघाले होते. वयाच्या बाराव्या वर्षी पियानो हातात आला, आणि विशी उलटून गेली तरी संगीत की फोटोग्राफी हे नक्की होत नव्हतं. १९४० च्या आसपास त्यांनी फ्रेड आर्चर यांच्यासोबत झोन पद्धत बसवली. निखळ काळ्यापासून निखळ पांढऱ्यापर्यंत ० ते १० असे अकरा झोन, शेजारच्या दोन झोनमध्ये एका स्टॉपचं अंतर. पट्ट्यांसमोर बसून वाढलेल्या माणसाला उजेडही पट्ट्यांमध्ये विभागलेला दिसावा, यात मला नवल वाटत नाही. निगेटिव्ह म्हणजे लिहिलेली स्वरलिपी आणि प्रिंट म्हणजे तिचं वादन, ही त्यांची तुलना प्रसिद्ध आहे.

याहून विलक्षण कहाणी लिओपोल्ड मॅन्स आणि लिओपोल्ड गोडाव्हस्की यांची. एक पियानोवादक, दुसरा व्हायोलिनवादक, आणि रंगीत फिल्म बनवण्याचा दोघांनाही शाळकरी वयापासून ध्यास. त्यांच्या फिल्ममध्ये एकावर एक असे थर होते, प्रत्येक थर वेगळ्या रंगाच्या प्रकाशाला दाद देणारा. धुताना रसायन वरच्या थरांत मुरायला हवं, पण सगळ्यात खालच्या थरापर्यंत पोचण्याआधी थांबायला हवं. सगळा खेळ काही सेकंदांचा, आणि तोही मिट्ट काळोखात, जिथं चमकणारं घड्याळही चालणार नाही. मग या दोघांनी जर्मन संगीतकार ब्राम्सच्या एका सिम्फनीचा शेवटचा भाग शिट्टीवर म्हणायला सुरुवात केली, सेकंदाला दोन मात्रा अशा लयीत. इतक्या वर्षांच्या रियाजानंतर ती लय घड्याळाइतकीच भरवशाची होती. १९३५ मध्ये त्यांची फिल्म कोडॅक्रोम या नावानं बाजारात आली.

काहींचा छंद असतो कॅमेऱ्याशिवाय चित्र छापण्याचा. सायनोटाइप ही त्यातली सगळ्यात सोपी आणि मला वाटतं सगळ्यात सुंदर रीत. जॉन हर्शेल या खगोलशास्त्रज्ञांनी ती १८४२ मध्ये शोधली. हर्शेल यांचा हात मोठा कसदार होता. टॅल्बटना ज्या कॅमेरा ल्युसिडानं रडवलं, त्याच्याच मदतीनं ते देखणी रेखाटनं करायचे. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड यांची द्रावणं एकत्र करून मंद उजेडात कागदावर ब्रशनं लावायची आणि अंधारात वाळवायची. कागद पिवळसर हिरवा दिसतो. त्यावर नेच्याचं पान ठेवा, वर काच दाबा आणि उन्हात न्या. उन्हातले अतिनील किरण फेरिक लोहाचं फेरस लोह करतात, ते फेरिसायनाइडशी जुळून प्रशियन ब्लू हे न विरघळणारं निळं रंगद्रव्य बनतं. पानाखाली ऊन पोचत नाही, तिथलं मिश्रण तसंच राहतं.

उन्हातून आणलेला कागद मळकट राखाडी दिसतो, आणि पहिल्या वेळी हमखास वाटतं की बिघडला. तो पाण्यात बुडवायचा आणि ट्रे हलकेच हलवत राहायचं. पानाच्या जागेवरून पिवळं पाणी सुटायला लागतं, शिरा पांढऱ्या होत जातात आणि भोवतीची निळाई वर येते. वाळताना हवेतल्या ऑक्सिजननं ती आणखी गडद होते. माझं एक चांगलं प्रिंट मी साबण राहिलेल्या ट्रेमध्ये धुतलं आणि डोळ्यांदेखत निळा रंग पिवळट पडत गेला. प्रशियन ब्लूला आम्लाचं वावडं नाही, अल्कलीचं आहे, हे त्या दिवशी असं काही शिकलो की विसरणं शक्य नाही. फार उजेडात टांगलेलं सायनोटाइप फिकं होतं, पण तेच काही दिवस अंधाऱ्या, हवेशीर कपाटात ठेवलं तर निळा रंग बराचसा परत येतो. उजेडानं रंगद्रव्याचं रंगहीन रूप झालेलं असतं, हवा त्याला पूर्वपदावर आणते.

या रीतीचं सोनं केलं अॅना अॅटकिन्स या वनस्पतिअभ्यासक बाईंनी. ब्रिटनच्या समुद्री शेवाळांचे नमुने त्यांनी एकेक करून थेट कागदावर मांडले आणि ऑक्टोबर १८४३ पासून त्यांचे निळे ठसे भागाभागांनी प्रसिद्ध केले. फोटोंनी सजलेलं पहिलं पुस्तक म्हणून आज त्याचा मान आहे. त्यात कॅमेऱ्याचा वापर कुठंच नाही.

अशी प्रिंट साठली की ती बांधावी वाटतात, आणि मग पुस्तकबांधणी शिकणं आलं. तिथली एकच गोष्ट सांगतो. यंत्रावर बनणाऱ्या कागदातले बरेचसे तंतू एकाच दिशेनं झोपलेले असतात. ओलाव्यानं तंतू जाडीला फुगतो, लांबीला फारसा वाढत नाही. म्हणून कागदाचा तुकडा एका बाजूनं ओला केला की तो वळतो, आणि त्याच्या सुरळीची लांबी ज्या दिशेनं, तीच तंतूंची दिशा. ही दिशा पुस्तकाच्या कण्याला समांतर हवी. आडवी झाली तर पानं नीट पडून राहत नाहीत आणि दमट हवेत अल्बम लाटेसारखा वर येतो.

एडवर्ड स्टायकन यांनी मात्र बागकाम धरलं. हे विसाव्या शतकातले अत्यंत गाजलेले फोटोग्राफर, सुरुवात चित्रकार म्हणून केलेले. कधीकाळी एक पांढरा कप आणि बशी त्यांनी हजाराहून जास्त वेळा टिपली, निव्वळ पांढऱ्या आणि काळ्याच्या मधल्या छटा हाताला याव्यात म्हणून. तितक्याच चिकाटीनं त्यांनी डेल्फिनियम या फुलझाडाचे संकर केले, दोन दशकांहून अधिक काळ. संकराच्या शेतात रोपं ढिगानं उगवतात, पण हवा तसा रंग, ठेवण आणि ताठ दांडा एखाद्यालाच लाभतो. बाकीची काढून टाकावी लागतात आणि निवडलेल्यांचा पुन्हा संकर करायचा असतो. पुढे त्यांनी कोल्चिसिन हे द्रव्यही वापरलं. पेशी विभागताना गुणसूत्रांना दोन टोकांकडे ओढणारे जे धागे असतात, ते कोल्चिसिन जुळूच देत नाही. गुणसूत्रं दुप्पट होतात पण पेशी दुभंगत नाही, आणि अशा दुप्पट संचाच्या झाडांना पुष्कळदा मोठी फुलं येतात.

जून १९३६ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं स्टायकन यांचं आठवडाभराचं प्रदर्शन भरवलं. दालनांत मांडली होती त्यांनी वाढवलेली खरीखुरी डेल्फिनियमची फुलं. १९६५ मध्ये, ते शहाऐंशीचे असताना, त्यांच्या ‘कनेक्टिकट यांकीज’ या झुडपी वाणाला अमेरिकेत नव्या वाणांसाठीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याचं बी आजही पेरलं जातं.