जत्रुकभंगातील रक्तगुठळी

जत्रुक, म्हणजे बोलीतील हासळीचे किंवा गळ्याजवळचे हाड, मोडल्यावर त्याच्या मागून जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीत रक्त गोठून होणारा उपद्रव. हा अस्थिभंग नेहमीचा आहे. प्रौढांच्या एकूण अस्थिभंगांपैकी सुमारे ३ ते ५ टक्के जत्रुकाचे असतात आणि त्यांतील सुमारे ८० टक्के हाडाच्या मधल्या तृतीयांशात होतात. गुठळी मात्र विरळाच आढळते. तिच्याविषयीचे लेखन बहुतांशी एकेकट्या रुग्णांच्या वृत्तांतांवर आधारलेले असल्याने प्रमाणाचे आकडे जपूनच घ्यावे लागतात. सुश्रुतसंहितेत या हाडाला ‘अक्षक’ म्हटले आहे. ‘जत्रु’ हा शब्द प्राचीन ग्रंथांत सर्वत्र याच हाडासाठी येतो असे मानता येत नाही. मराठी परिभाषेत मात्र जत्रुक रूढ झाल्याने येथे तेच नाव ठेवले आहे.

जत्रुक व पहिली बरगडी यांच्यामधील अरुंद फटीतून अधोजत्रुक नीला (शीर) छातीत शिरते. त्याच नावाची रोहिणी (धमनी) तिच्या मागे असून दोघींच्या मध्ये मानेतून पहिल्या बरगडीवर उतरणारा एक स्नायू असतो. हाडाच्या उरोस्थीकडील (छातीच्या मधल्या हाडाकडील) भागात नीला त्याला जवळजवळ खेटून असते, तरीही हाड मोडताच तिला इजा होत नाही, याला दोन कारणे आहेत. हाड आणि वाहिन्या यांच्यामध्ये अधोजत्रुक स्नायूची लहानशी गादी असते. शिवाय हाड मध्यभागी मोडले की मानेचा स्नायू आतला तुकडा वर ओढतो, म्हणजे त्याचे टोक वाहिन्यांपासून दूर जाते, आणि बाहेरचा तुकडा हाताच्या भाराने खाली लोंबतो. हाडाचा चुरा झाला असेल किंवा मार थेट वरून बसून एखादा तुकडा मागे वळला असेल, तर हे संरक्षण अपुरे पडते.

रक्त गोठण्यास वाहिनीच्या अस्तराची इजा, प्रवाहाची मंदता आणि रक्ताची वाढलेली गोठणशीलता ही तीन कारणे असतात, अशी मांडणी जर्मन वैद्य रूडोल्फ फिरखो यांच्या १८५६ च्या लेखनावरून केली जाते. त्रयी म्हणून ती पुढे इतरांनी रूढ केली. जत्रुकभंगात तिन्ही एकत्र येऊ शकतात : तुकड्याचा ओरखडा, साकळलेल्या रक्ताचा दाब व झोळीत निश्चल ठेवलेला हात, आणि आघातानंतर रक्तात होणारे बदल. हाड जुळताना तुटलेल्या जागी तयार होणारा नव्या हाडाचा गोळा (अस्थिकिण) बेसुमार वाढला किंवा हाड वाकडे जुळले, तर फट आणखी अरुंद होऊन कित्येक महिन्यांनीही गुठळी होऊ शकते. पाठीमागून आवळून बांधलेली इंग्रजी आठाच्या आकाराची पट्टी आणि धातूची पट्टी व स्क्रू बसवण्याच्या शस्त्रक्रियेत हाडाच्या पलीकडे जास्त निघालेला स्क्रू हीही कारणे नोंदली गेली आहेत.

श्रम किंवा ताणामुळे हाताच्या नीलेत होणाऱ्या गुठळीला पॅजेट-श्रोटर विकार म्हणतात. जेम्स पॅजेट यांचे वर्णन १८७५ चे आणि लेओपोल्ट फोन श्रोटर यांचे १८८४ चे असून जोडनाव १९४९ मध्ये देण्यात आले. काही लेखक अस्थिभंगानंतरची गुठळीही याच नावाखाली घालतात. तथापि तिचे कारण उघड असल्याने ती वेगळी ठेवणे अधिक सयुक्तिक दिसते.

इतिहासातील दोन मृत्यू या संदर्भात वारंवार सांगितले जातात. इंग्लंडचा राजा तिसरा विल्यम हॅम्प्टन कोर्ट येथे घोड्यावरून पडला. चिचुंदरीसारख्या मोल या प्राण्याने उकरलेल्या ढिगाऱ्याला घोडा अडखळला, असे सांगतात. हा दिवस तेव्हाच्या इंग्लंडमधील जुन्या (जूलियन) पंचांगाप्रमाणे फेब्रुवारी १७०२ ची २० किंवा २१ तारीख धरला जातो. जत्रुक मोडले आणि ८ मार्चला तो मरण पावला. मृत्यूचे कारण सामान्यतः फुप्फुसदाह दिले जाते. दोन आठवड्यांच्या अंतराने उद्‌भवलेल्या छातीच्या विकारामागे सुटून फुप्फुसात अडकलेली गुठळी असू शकते, हे वैद्यकीय दृष्ट्या अशक्य नाही. पण राजा आधीपासून दम्याने क्षीण होता, आणि हा तर्क तर्कच राहतो.

दुसरे उदाहरण ब्रिटनचे माजी पंतप्रधान रॉबर्ट पील यांचे. २९ जून १८५० रोजी लंडनच्या कॉन्स्टिट्यूशन हिल रस्त्यावर ते घोड्यावरून पडले, घोडा त्यांच्या अंगावर कोसळला आणि २ जुलैला त्यांचा अंत झाला. डाव्या जत्रुकाखाली नाडीबरोबर ठोके देणारी सूज दिसली होती. तिच्यावरून कोणी अधोजत्रुक नीला फाटली म्हणतात, कोणी रोहिणी, तर कोणी मोडलेल्या बरगडीने झालेल्या फुप्फुसाच्या इजेला महत्त्व देतात. पूर्ण शवविच्छेदन झाले नसल्याने निर्णय करता येत नाही. वाहिनीला इजा झाली होती हे मत बळकट वाटते, पण ते रक्तस्रावाचे उदाहरण ठरेल. गुठळीचा दाखला म्हणून ते पुढे करणे योग्य नाही.

अस्थिभंगाची स्वतःची सूज खांद्यापाशी असते आणि साकळलेले रक्त गुरुत्वाने दंडावर किंवा छातीवर उतरून निळे-पिवळे दिसते. नीलेतील गुठळीत सबंध हात बोटांपर्यंत जड, ताठर व निळसर होतो, काल सहज निघणारी अंगठी किंवा बांगडी निघेनाशी होते आणि खांद्यावर व छातीवर पूर्वी न दिसणाऱ्या शिरा उठून दिसतात. रोहिणीच्या गुठळीत हात याउलट फिकट व थंड पडतो आणि मनगटाची नाडी मंद होते. हा प्रकार तातडीचा असतो.

निदानासाठी रक्तप्रवाह दाखवणारी डॉप्लर सोनोग्राफी प्रथम करतात, परंतु खुद्द जत्रुकाची सावली नीलेच्या नेमक्या संशयित भागावर पडते, म्हणून अहवाल निर्दोष आला तरी शंका उरल्यास शिरांचे सीटी चित्रण करावे लागते. गुठळी विरघळताना रक्तात येणारे अंश मोजणाऱ्या डी-डायमर चाचणीचे मूल्य अस्थिभंगानंतर एरवीही वाढलेले असल्याने येथे तिचा फारसा उपयोग नाही.

नीलेतील गुठळीवर रक्त गोठू न देणारी औषधे, प्रथम हेपारीन व पुढे वॉरफरीन किंवा नवी तोंडी औषधे, निदान तीन महिने देतात. निवडक रुग्णांत गुठळी विरघळवण्याचा प्रयत्न केला जातो. दाब देणारा तुकडा किंवा अस्थिकिण काढल्याखेरीज गुठळी पुन्हा होण्याचा धोका राहतो. तिचा भाग सुटून फुप्फुसात अडकल्यास (अंतर्कीलन) दम लागतो, छातीत दुखते, क्वचित मृत्यू ओढवतो. प्रत्येक जत्रुकभंगात प्रतिबंधक औषध देण्याची प्रथा नाही. झोळीतही बोटे, मनगट व कोपर हलवत राहण्यास सांगतात. सुजलेला हात मात्र चोळू नये.