कर्करोग संशोधनासाठी अनुदान: अर्ज कोणी करायचा, कुठे करायचा आणि कागद कोणते लागतात

आमच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या संशोधन कक्षात हे दर वर्षी घडतं. अर्जाची शेवटची तारीख आठ दिवसांवर आली की एखादे तरुण डॉक्टर जाहिरातीची प्रिंट घेऊन येतात. विषय सुरेख असतो, रुग्णही समोर असतात. पण एथिक्स कमिटीची, म्हणजे संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीची, पुढची बैठक असते महिनाभराने, आणि अधिष्ठाता रजेवर असतात. मग एक चांगला प्रस्ताव कपाटात जातो. म्हणून आधीच सांगते, तयारी जाहिरातीची वाट न बघता सुरू करा.

दुसरी अडचण मनातली असते. ‘आमच्यासारख्या छोट्या गावात कोण पैसे देणार?’ असं विचारणाऱ्यांना मी बार्शीचं उदाहरण देते. तिथल्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या चमूने टाटा स्मारक केंद्र आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेबरोबर तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांत १ लाख ३१ हजारांहून जास्त स्त्रियांचा अभ्यास केला. निधी गेट्स फाउंडेशनचा होता. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही (या कर्करोगाला कारणीभूत विषाणू) चाचणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात, हे २००९ मध्ये जगाला कळलं ते या खेड्यांमुळे. तुमचा प्रश्न तुमच्या ओपीडीतून आलेला असेल, तर गाव छोटं असल्याने काही बिघडत नाही.

पैसे कुणाकडे मागायचे

रुग्णांशी थेट संबंध असलेल्या कामासाठी पहिलं दार आयसीएमआरचं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं. तिथे संशोधकाने स्वतः सुचवलेल्या विषयाला ‘एक्स्ट्राम्युरल’, म्हणजे परिषदेबाहेरच्या संस्थांसाठीचं, अनुदान मिळतं. अलीकडच्या जाहिरातींत स्मॉल ग्रँट २ कोटी रुपयांपर्यंत आणि इंटरमीजिएट ग्रँट २ ते ८ कोटींपर्यंत आहे. प्रमुख संशोधक, म्हणजे पीआय, संस्थेत नियमित नोकरीवर हवा. स्वयंसेवी संस्था असेल तर डीएसआयआरची (केंद्राच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन विभागाची) मान्यता लागते. अर्ज आयसीएमआरच्या ईपीएमएस पोर्टलवर ऑनलाइनच करायचा.

काम पेशी, जनुकं, रेणू यांवरचं असेल तर केंद्र सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग बघा, त्यांचं पोर्टल ईप्रोमिस. पूर्वीचं एसईआरबी (विज्ञान आणि अभियांत्रिकी संशोधन मंडळ) आता अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनमध्ये सामावलं आहे. नुकतेच नोकरीत रुजू झालेल्यांसाठी तिथे वेगळी योजना आहे. एमबीबीएस आणि बीडीएसच्या विद्यार्थ्यांनी आयसीएमआरची दोन महिन्यांची एसटीएस, म्हणजे विद्यार्थ्यांसाठीची अल्पकालीन संशोधन योजना सोडू नये. पैसे अहवाल मंजूर झाल्यावरच मिळतात, पण प्रस्ताव लिहायला हात तिथेच बसतो.

कागद

सगळ्यात आधी एथिक्स कमिटी. तुमच्या संस्थेच्या समितीची आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदणी आहे आणि मुदत संपलेली नाही, एवढं आजच बघून घ्या. मंजुरी अर्जासोबत द्यायची की निवड झाल्यावर, ते प्रत्येक जाहिरातीत वेगळं असतं, नीट वाचा. काही काळापूर्वी आमचा एक प्रस्ताव परत आला, कारण संस्थाप्रमुखांच्या हमीपत्रावर सही होती पण शिक्का नव्हता. सहा महिन्यांची मेहनत होती त्यामागे. तेव्हापासून सह-संशोधकांची संमतीपत्रं, हमीपत्र आणि बायोडेटा मी स्वतः पान उलटून तपासते.

रुग्णाचं संमतीपत्र मराठीत हवं, आणि ते रुग्णाला कळणारं मराठी हवं. ‘ऊतक नमुन्याचे भविष्यकालीन उपयोजन’ असं लिहिलेला मसुदा मी बघितला आहे. आम्ही तो बदलून लिहिलं, ‘तपासणीनंतर उरलेला तुमच्या गाठीचा तुकडा आम्ही जपून ठेवू आणि पुढच्या संशोधनासाठी वापरू. तुम्ही नाही म्हणालात तरी तुमच्या उपचारात काही फरक पडणार नाही.’ एका आजींनी ते वाचून घेतलं आणि दोन प्रश्न विचारले. प्रश्न विचारले म्हणजे त्यांना समजलं होतं. नमुना साठवण्याची संमती वेगळ्या ओळीवर, वेगळ्या सहीने घ्या.

औषधाची किंवा उपचाराची चाचणी असेल तर पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआयवर, म्हणजे अशा चाचण्यांच्या राष्ट्रीय ऑनलाइन नोंदवहीत, नोंद करावी लागते. १५ जून २००९ पासून ते बंधनकारक आहे आणि शुल्क काही नाही. प्राण्यांवर प्रयोग असतील तर संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी लागते. परदेशी निधी किंवा परदेशी भागीदार असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीचा टप्पा येतो. परकीय पैसा थेट संस्थेकडे येणार असेल तर एफसीआरएची, म्हणजे परकीय देणग्यांच्या कायद्याखालची, परवानगीही पाहावी लागते.

अंदाजपत्रक

इथे सगळेच घाई करतात. मशीनची किंमत लिहिताना ताजं कोटेशन जोडा. मनुष्यबळाचे दर आयसीएमआरने ठरवून दिलेले आहेत, तेच घाला. आणि रुग्णाचा प्रवासखर्च विसरू नका. समजा १२० रुग्ण, प्रत्येकी ४ फेऱ्या, एका माणसाचं जाण्यायेण्याचं भाडं ४०० रुपये. केमोथेरपी घेतलेला माणूस एकटा येत नाही, म्हणून सोबत्याचंही भाडं धरायचं. झाले ३ लाख ८४ हजार. ही रक्कम नसेल तर तिसऱ्या फेरीपासून रुग्ण येईनासे होतात आणि अभ्यास मधेच लंगडा पडतो. हा खर्च मागायला संकोच वाटायचं कारण नाही, आयसीएमआरच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत प्रवास आणि बुडालेल्या रोजगाराची भरपाई मान्य आहे.

प्रस्ताव लिहायला कुणी शिकवणारं नसेल, तर टाटा स्मारक केंद्र आणि नॅशनल कॅन्सर ग्रिड या कर्करोग रुग्णालयांच्या जाळ्याशी जोडलेली ‘क्रेडो’ कार्यशाळा आहे. कर्करोगाच्या तरुण डॉक्टरांनी नुसती कल्पना घेऊन जायचं, अनुभवी संशोधकांबरोबर काही दिवस बसायचं आणि पूर्ण प्रोटोकॉल, म्हणजे अभ्यासाचा सविस्तर आराखडा, लिहून परत यायचं. प्रवेश निवडीने मिळतो.

अनुदान मंजूर झालं की प्रकल्पाचा हिशोब वेगळा ठेवा. वर्षाअखेरीला खर्चाचं विवरण आणि जीएफआर (केंद्राचे सामान्य वित्तीय नियम) १२-अ नमुन्यातलं उपयोगिता प्रमाणपत्र गेल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही. आमच्याकडे लेखा विभागातल्या बाईंना पहिल्या दिवशीच मंजुरीपत्राची प्रत देतो, म्हणजे मार्चमध्ये त्यांना फाइल शोधत बसावं लागत नाही.