शवयात्रेची जुनी लिमोझिन: बोनेट एकाचे, बॉडी दुसऱ्याची

नाशिकमध्ये अंत्ययात्रा म्हणजे तिरडी आणि साधी शववाहिका. त्यामुळे विंटेज गाड्यांच्या प्रदर्शनात क्रोमच्या पट्ट्यांची, मखमली पडद्यांची सहा मीटरहून लांब काळी गाडी दिसली की लोक बोनेटवरचे कॅडिलॅकचे चिन्ह पाहतात आणि कंपनीनेच ती अशी बनवली असे धरून चालतात. खरे तर विंडस्क्रीनच्या मागचा बहुतेक भाग वेगळ्याच कारखान्यात, वेगळ्याच कारागिरांनी चढवलेला असतो. गाडीची किंमत, दुरुस्ती आणि कागदपत्रे, सगळे त्याच भागापाशी अडते.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेत शवपेटी घोड्यांच्या गाडीतून नेत. त्या काळाशी नाशिकचाही एक धागा आहे: शरणपूरच्या मिशन शाळेत शिकलेला जेकब वेनराइट आफ्रिकेचा शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन याच्या पार्थिवासोबत आफ्रिकेतून इंग्लंडला गेला आणि १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबेतल्या अंत्यविधीत शवपेटी वाहणाऱ्या मानकऱ्यांमध्ये होता. मोटारीवर चालणारी शववाहिका विक्रीला आली ती १९०९ मध्ये, सिनसिनाटीच्या क्रेन अँड ब्रीड कंपनीकडून. सुरुवातीच्या बॉड्या घोडागाडीची नक्कलच होत्या: लाकडी सांगाडा आणि बाहेरून पडद्याच्या चुण्यांसारखे लाकडी कोरीवकाम. असा नमुना हाती आला तर आधी दाराच्या चौकटीत टोच्या खुपसून पाहावा. आपल्याकडच्या पावसाळ्यात लाकूड सांध्यापाशी कुजते आणि वरचा रंग मात्र शाबूत राहतो.

पुढे कॅडिलॅक, पॅकार्ड, ब्यूक यांच्याकडून लांब चासी, म्हणजे चाके आणि इंजिन पेलणारा खालचा सांगाडा, घ्यायची आणि त्यावर बॉडी चढवायची असा धंदा मुख्यतः ओहायो आणि इलिनॉयमध्ये स्थिरावला. बॉडी बांधणाऱ्यांपैकी हेन्नी ही कंपनी पॅकार्डवर काम करी, फ्लक्सिबल ब्यूकवर. मिलर-मीटिअर, सुपीरियर आणि युरेका यांची नावे मुख्यतः कॅडिलॅकशी जोडली गेली. हेस अँड आयझेनहार्टने तर राष्ट्राध्यक्ष केनेडींची १९६१ ची लिंकन गाडीही घडवली. १९५९ च्या कॅडिलॅक सेडानचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर) १३० इंच होता, शववाहिकेच्या चासीचा १५६. इंजिन तेच, ३९० घनइंची व्ही-८.

मागे मोठ्या खिडक्या असलेल्या बॉडीला लिमोझिन म्हणत, बंद बाजूंच्या बॉडीला लँडो. लँडोवरची एस आकाराची चकचकीत पट्टी घोडागाडीच्या दुमडत्या टपाची आठवण आहे. आता ती काहीही दुमडत नाही. महागड्या गाड्यांत शवपेटी ठेवायचा सरकता पाट मागच्या दाराने आणि दोन्ही बाजूंनीही बाहेर येई, म्हणजे रहदारीत न उतरता फुटपाथवरूनच पेटी ठेवता येई. अमेरिकेतल्या छोट्या गावांत एकच गाडी सकाळी शववाहिका आणि रात्री रुग्णवाहिका असे. रोलर बसवलेल्या फळ्या उलट्या केल्या की सपाट जमीन तयार. १९७४ मध्ये अमेरिकी सरकारने रुग्णवाहिकेची मानके ठरवली, ती या बुटक्या गाड्यांना पेलणारी नव्हती. १९७७ मध्ये कॅडिलॅकही आखूड झाली. जुन्या गाड्या स्वस्तात निघू लागल्या; त्या जपणाऱ्यांची प्रोफेशनल कार सोसायटी त्याआधीच, १९७६ मध्ये उभी राहिली होती.

या इतिहासाचा व्यवहारातला अर्थ असा: इंजिन, गिअरबॉक्स आणि पुढचे मडगार्ड यांचे सुटे भाग पैसे मोजले की मिळतात. मागचे दार, बाजूच्या काचा, बिजागऱ्या आणि पाटाची यंत्रणा यांना पर्याय नाही. सपाट काच कापून घेता येते, वळवलेली मात्र फुटली की संपली. म्हणून बॉडी बांधणाऱ्याची पाटी आणि तिच्यावरचा क्रमांक जागेवर आहे का, हे व्यवहाराआधीच पाहावे. व्हिनाइल टपाखाली पाणी साचून पत्रा आतून सडतो; बोटाने दाबल्यावर फुगवटा कुरकुरला तर भाव निम्मा करावा. जुने सांधे शिशाने भरलेले असतात, त्यावर पुट्टी थापली तर काही महिन्यांत रेषा उमटतात.

कमी किलोमीटरला भुलू नये. या गाड्यांनी आयुष्य मिरवणुकीच्या वेगात आणि इंजिन चालू ठेवून उभे राहण्यात काढलेले असते, त्यामुळे रेडिएटर आणि पाण्याचे मार्ग गाळाने भरलेले सापडतात. १९५९ च्या गाडीत चारही ड्रम ब्रेक आणि एकाच सर्किटचा मास्टर सिलिंडर आहे: एक पाइप फुटला की चारही चाके गेली. अडीच टनांच्या आसपासचे धूड घेऊन कसारा घाट उतरण्यापेक्षा मुंबईच्या प्रदर्शनाला ते सपाट ट्रकवरून न्यावे, आणि ट्रक ठरवताना वीस फुटी पाटा पुरत नाही हे लक्षात ठेवावे. १०.५:१ कॉम्प्रेशनच्या या इंजिनात ९१ ऑक्टेनचे पेट्रोल वेळेआधी पेटून ठोके देते, ९५ किंवा अधिक लागते. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असल्याने जुने रबरी पाइप, कार्बोरेटरचे गॅस्केट आणि डायफ्राम बदलावेच लागतात.

कागदांबाबत २०२१ चा केंद्रीय नियम लागू होतो. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेली, खासगी वापरातली आणि मूळ रूपात असलेली गाडी ‘व्हीए’ मालिकेत नोंदता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, फेरनोंदणीला ५,०००, मुदत दहा वर्षे. रस्त्यावर ती प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन आणि दुरुस्तीपुरतीच आणायची. चासी किंवा बॉडीच्या सांगाड्यात मोठे फेरफार चालत नाहीत. इथे बॉडी दुसऱ्याने बांधलेली असल्याने ती मुळातच तशी आहे हे दाखवणारा कागद फाइलमध्ये सर्वांत वर हवा.

मांडणीत रिकामी शवपेटी ठेवण्याची अमेरिकी पद्धत इथे टाळलेली बरी. मुलांना घेऊन आलेले आजी-आजोबा तिथूनच मागे फिरतात. पाट अर्धा बाहेर ओढून रोलर दाखवावेत, शेजारी चासी आणि बॉडी या दोघांच्या निर्मात्यांची नावे लिहिलेली पाटी ठेवावी. उद्घाटनाला घातलेला झेंडूचा हार तासाभरात उतरवावा, कारण ओल्या पाकळ्यांचा डाग जुन्या लॅकरमधून निघत नाही.