भेदन-खोली (अतिसंवाहकातील चुंबकीय क्षेत्राची)

बाहेरचे चुंबकीय क्षेत्र अतिसंवाहकाच्या (ठरावीक तापमानाखाली विजेला मुळीच रोध न करणाऱ्या पदार्थाच्या) पृष्ठभागातून आत जेवढ्या अंतरात विरून जाते, त्या अंतराचे माप म्हणजे भेदन-खोली. शिसे आणि नायोबियममध्ये ती निरपेक्ष शून्याजवळ (उणे 273 अंश सेल्सिअस) सुमारे 40 नॅनोमीटर असते, तर यिट्रियम-बेरियम-तांबे ऑक्साइडच्या स्तरांत सुमारे 150 नॅनोमीटर.

अतिसंवाहक क्षेत्र पूर्णपणे बाहेर टाकतो, असे वर्गात सर्रास लिहून दिले जाते. ते अपुरे आहे. माइसनर आणि ओक्सेनफेल्ड या जर्मन भौतिकशास्त्रज्ञांनी 1933 मध्ये क्षेत्र बाहेर फेकले जाते हे दाखवले खरे. पण त्यासाठी पृष्ठभागालगत प्रवाह वाहावा लागतो आणि त्या प्रवाहाला थोडी तरी जाडी लागतेच. फ्रिट्झ व हाइन्झ लंडन या भावांनी 1935 मध्ये ही जाडी समीकरणात मांडली. मृगाच्या पहिल्या पावसाची ओल परभणीकडच्या काळ्या रानात वरून खाली कमी कमी होत जाते, तसेच हे क्षेत्र: एका भेदन-खोलीवर 37 टक्के उरते, तिप्पट अंतरावर जेमतेम 5 टक्के.

तापमान संक्रमणबिंदूजवळ (ज्याच्या वर अतिसंवाहकता नाहीशी होते) गेले की रोधाविना वाहणारे, जोड्यांनी बांधलेले इलेक्ट्रॉन कमी पडतात आणि ही खोली झपाट्याने वाढते. खरी मौज मात्र अगदी थंडीत आहे. शिशासारख्या धातूत संक्रमणतापमानाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याखाली खोली जवळपास स्थिर होते, कारण इलेक्ट्रॉनांच्या जोड्या फोडायला सर्व दिशांना ठरावीक किमान ऊर्जा लागते. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील गटाने 1993 मध्ये वर आलेल्या यिट्रियम-बेरियम-तांबे ऑक्साइडचे शुद्ध स्फटिक मापले, तेव्हा खोली दर केल्विनमागे सुमारे 0.4 नॅनोमीटरने सरळ रेषेत वाढताना दिसली. म्हणजे काही दिशांना जोड्या फोडायला जवळपास काहीच ऊर्जा लागत नव्हती. नॅनोमीटरच्या अंशाएवढ्या बदलावरून इलेक्ट्रॉनांच्या जोडीचा आकार (ती कोणत्या दिशेला किती घट्ट बांधलेली आहे) कळावा, हे पदार्थविज्ञानातले फार देखणे अनुमान आहे.

दुसऱ्या प्रकारच्या अतिसंवाहकात (यिट्रियम-बेरियम-तांबे ऑक्साइड त्यांतलेच) क्षेत्र आणखी एका वाटेने शिरते. ठरावीक मर्यादेपलीकडे ते बारीक नलिकांच्या रूपाने आरपार जाते (हे भौतिकशास्त्रज्ञ अब्रिकोसोव्ह यांनी 1957 मध्ये मांडले). प्रत्येक नलिकेत 2.07 × 10⁻¹⁵ वेबर एवढाच चुंबकीय अभिवाह (फ्लक्स) असतो आणि तिच्याभोवतीचे क्षेत्रही भेदन-खोलीएवढ्या अंतरातच विरते.

अशा नलिकांचा परिणाम पाहायला महागडी सामग्री लागत नाही. कृत्रिम रेतनाच्या कांड्या ज्या द्रव नायट्रोजनच्या कॅनमध्ये ठेवतात, तो मराठवाड्यातल्या पशुवैद्यकीय दवाखान्यांना नवा नाही. त्याचे तापमान 77 केल्विन, आणि यिट्रियम-बेरियम-तांबे ऑक्साइडचे संक्रमण सुमारे 92 केल्विनला. थर्मोकोलच्या वाटीत या ऑक्साइडचे पेलेट (दाबून केलेली चकती) ठेवावे, त्यावर पुठ्ठ्याचा तुकडा व छोटा निओडिमियम चुंबक ठेवून नायट्रोजन ओतावा. उकळी ओसरल्यावर पुठ्ठा काढला की चुंबक अधांतरी राहतो. पेलेट चांगल्या प्रतीचे असेल तर बोटाने हलकेच ढकललेला चुंबक पुन्हा जागेवर येतो. निव्वळ प्रतिकर्षण असते तर तो बाजूला घसरला असता. स्फटिकरचनेतल्या दोषांच्या जागी अडकलेल्या नलिका त्याला धरून ठेवतात.

लातूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या रुग्णालयांत एमआरआय होतो तेव्हाही नलिका अशाच अडकवलेल्या असतात. 1.5 टेस्लाच्या यंत्रात नायोबियम-टायटॅनियमची तार 4.2 केल्विनच्या द्रव हेलियमने थंड ठेवतात. तारेवर एवढे क्षेत्र लंब पडले, तर दर चौरस मिलिमीटरमधून सुमारे 72 कोटी नलिका जातात. त्या सरकू लागल्या तर तार तापते, म्हणून मिश्रधातूत मुद्दाम दोष ठेवून त्यांना जागीच अडकवतात.