'उतरला' कधी म्हणायचं? वय झालेल्या बॉक्सिंग विजेत्याच्या वादाची पार्श्वभूमी

"पैलवान आखाड्यात उतरला" आणि "पैलवान उतरला" ही दोन वाक्यं मराठवाड्यातल्या जत्रेच्या फडावर एकाच तोंडातून निघतात. पहिल्यात तो शड्डू ठोकतोय, दुसऱ्यात त्याचे दिवस सरलेत. बॉक्सिंगमधल्या वय झालेल्या विजेत्याला लढू द्यायचं की थांबवायचं, हा वाद निघाला की आपल्याकडे दुसरा 'उतरला' वापरतात. घोळ तिथूनच सुरू होतो, कारण या एका शब्दात चार वेगळ्या गोष्टी कोंबल्या जातात: पाय, दम, मार सोसण्याची ताकद आणि ठोशाचं वजन. या चारही एकाच वेळी जात नाहीत.

सगळ्यात आधी पाय जातात. बॉक्सर दोरांपासून बाजूला सरकायच्या ऐवजी सरळ मागे जाऊ लागतो. मग डाव्या हाताचा जॅब, म्हणजे झटपट सरळ ठोसा, मारून झाल्यावर हात गालापाशी परत यायला उशीर होतो, किंवा तो खांद्याच्या खालून परत येतो. तेवढ्या फटीत समोरच्याचा उजवा बसतो. जागा दिसलेली असते, हात पोचेपर्यंत ती बुजते. त्यानंतर दम. तीन मिनिटांच्या फेरीतली पहिली अडीच मिनिटं तो मिठ्या मारून, दोराला टेकून काढतो आणि शेवटच्या 30 सेकंदांत ठोशांची सर लावतो, म्हणजे गुण देणाऱ्याच्या डोळ्यांत तेवढंच राहतं. मार सोसण्याची ताकद कधी जाईल ते कुणालाच सांगता येत नाही, ती एका रात्रीत जाते. ठोशाचं वजन मात्र शेवटपर्यंत टिकतं, म्हणूनच फसगत होते. सरावात प्रशिक्षकाने हातात धरलेल्या पॅडवर मारताना आवाज पूर्वीसारखाच येतो. पॅड उलटून मारत नाही.

जुन्या उदाहरणांत फार शिरायला नको. 1951 च्या ऑक्टोबरमध्ये 37 वर्षांचा माजी हेवीवेट (सर्वांत जड वजनगटातला) जगज्जेता जो लुई आठव्या फेरीत दोरांबाहेर फेकला गेला. तो थकलेल्या करापायी लढत होता, हे सगळ्यांना माहीत आहे. आज ज्या मुद्द्यांवर वाद होतो ते सगळे 1975 ते 1981 या सहा वर्षांत घडले आणि एकाच माणसाच्या बाबतीत घडले. तो माणूस म्हणजे हेवीवेट विजेता मुहम्मद अली; तो कोण होता, हे इथे सांगत बसत नाही.

मनिलातली जो फ्रेझरविरुद्धची 1 ऑक्टोबर 1975 ची लढत त्याने 14 फेऱ्यांनंतर जिंकली तेव्हा तो 33 वर्षांचा होता. खरं तर उतरणीची खूण तिथेच होती. पाय चालत नव्हते म्हणूनच तो दोराला टेकून मार खात, समोरच्याला दमवून जिंकायला शिकला होता. लोकांनी त्याला डावपेच म्हटलं. डावपेच होताच, पण त्याची किंमत डोक्याने आणि मूत्रपिंडांनी मोजली. 29 सप्टेंबर 1977 ला न्यूयॉर्कमध्ये त्या काळातल्या सर्वांत जड हाताच्या बॉक्सरशी, एर्नी शेव्हर्सशी, तो 15 फेऱ्या लढला आणि गुणांवर जिंकला. त्यानंतर त्याच्या कोपऱ्यातल्या, म्हणजे लढतीत त्याला सांभाळणाऱ्या चमूतल्या, डॉक्टरने मूत्रपिंडाच्या तपासणीचे कागद त्याला, त्याच्या बायकोला आणि त्याच्या माणसांना पाठवले. कुणाचंच उत्तर आलं नाही, तेव्हा डॉक्टरने काम सोडलं. ज्या सभागृहात लढत झाली तिथल्या लढती ठरवणाऱ्यानेही यापुढे अलीची लढत लावणार नाही, असं सांगितलं. निकालाच्या कागदावर मात्र तो त्या दिवशी विजेता होता.

पुढच्याच फेब्रुवारीत, 1978 मध्ये, तो अवघ्या सात व्यावसायिक लढती खेळलेल्या पोराकडून, लिऑन स्पिंक्सकडून, हरला आणि सप्टेंबरमध्ये न्यू ऑर्लिन्सला त्याच पोराला हरवून तिसऱ्यांदा जगज्जेता झाला. या दुसऱ्या निकालाने सगळ्यांची दिशाभूल केली. मधल्या सात महिन्यांत पोराने सरावाकडे पाठ फिरवली होती. अली वर गेला नव्हता, समोरचा खाली आला होता. 1979 मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. तेव्हा थांबला असता तर आज वाद घालायला फारसं काही उरलं नसतं.

1980 मध्ये तो तेव्हाचा जगज्जेता लॅरी होम्सविरुद्ध परत आला. लढत लास वेगासला ठरली आणि परवाना नेवाडा राज्याच्या मंडळाने द्यायचा होता. अलीचं बोलणं जड झाल्याची कुजबुज वाढली होती, म्हणून मंडळाने तपासणीची अट घातली. जुलैच्या अखेरीस तो मिनेसोटातल्या एका नावाजलेल्या रुग्णालयात दोन दिवस तपासून घ्यायला गेला. अहवालात काय होतं, ते नीट पाहण्यासारखं आहे. नाकाच्या शेंड्याला बोट लावताना नेम किंचित चुकतो. एका पायावर उड्या मारताना अपेक्षित चपळाई दिसत नाही. बोलताना शब्द जुळवायला थोडा त्रास होतो. मेंदूच्या मधल्या पडद्यात पोकळी आहे, पण ती बहुधा जन्मजात असावी. आणि निष्कर्ष असा की लढायला मनाई करावी असं काही आढळलं नाही.

या निष्कर्षावर मंडळाने परवाना दिला. तपासणाऱ्यांना चुकीचं ठरवणं सोपं आहे, पण त्यांना विचारलेला प्रश्नच वेगळा होता. 38 वर्षांचा हा माणूस आजारी आहे का, याचं उत्तर त्यांनी दिलं. होम्सच्या, जगातल्या सर्वांत चांगल्या जॅबसमोर 45 मिनिटं उभं राहण्याजोगा हा बॉक्सर उरला आहे का, हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. रस्त्याने चालणाऱ्या माणसाचा नेम नाकावर किंचित चुकला तर काही बिघडत नाही. बॉक्सरचा चुकला तर ठोसा चुकवण्याची मापंच चुकतात.

लातूर जिल्ह्यातल्या हाळी हंडरगुळीच्या बाजारात बैल घेणारा आधी तोंड उघडून दात बघतो: दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला. पण दातांवर पैसे मोजत नाही. मोकळ्या जागेत चालवून बघतो, खूर कसा टाकतो ते बघतो, आणि जाणता असेल तर औताला जुंपून दाखव म्हणतो. नेवाडाने दात पाहिले. चालवून पाहायचं असतं तर 1975 पासूनच्या लढतींच्या फिती समोर होत्या. बंद खोलीत तरुण जोडीदाराबरोबर सहा फेऱ्यांचा सराव लावला असता तरी पुरे होतं. त्या तिकीटविक्रीत राज्याचं, हॉटेलाचं आणि आयोजकाचं किती अडकलं होतं हे लक्षात घेतलं, तर तसं का झालं नाही हे कळायला अवघड जात नाही. एकट्या अलीला 80 लाख डॉलर कबूल केले होते.

पुढचं नुकसान तयारीतच झालं. वसंतात सुमारे 113 किलोवर गेलेलं वजन ऑक्टोबरपर्यंत 98.5 किलोच्या आसपास आणलं. शरीर छायाचित्रात सुरेख दिसत होतं, पांढरे होऊ लागलेले केस काळे केले होते आणि वार्ताहरांनी "जुना अली" असं लिहून टाकलं. पण ते वजन मेहनतीने कमी आणि गोळ्यांनी जास्त उतरलं होतं. त्याला थायरॉइडच्या गोळ्या देण्यात आल्या होत्या आणि त्या त्याने नेमून दिल्यापेक्षा जास्त घेतल्या. या गोळ्यांनी वजन झडतं, पण चरबीबरोबर स्नायूही झडतात, बसल्या जागी नाडी वाढते आणि शरीराला उष्णता सोसत नाही. 2 ऑक्टोबरला लास वेगासच्या उन्हाने तापलेल्या उघड्या रिंगणात तो पहिल्याच फेरीनंतर थकला. तिन्ही पंचांनी सगळ्या फेऱ्या होम्सला दिल्या. दहावी संपल्यावर कोपऱ्याने लढत थांबवली. पूर्ण कारकिर्दीत तो मुदतीआधी हरला ती ही एकच लढत. आणखी एक लढत डिसेंबर 1981 मध्ये बहामात झाली. 1984 मध्ये पार्किन्सनच्या लक्षणांचं निदान झालं.

अमेरिकेत परवाना राज्याराज्याने मिळतो. एका राज्याने वैद्यकीय कारणावरून थांबवलं तर दुसऱ्याकडे जायचं, हा राजमार्ग होता. तो 1996 च्या केंद्रीय कायद्याने अडवला, म्हणजे एका ठिकाणची वैद्यकीय बंदी इतरांनी मानायची. ठरावीक वयापुढच्या खेळाडूंना जादा तपासण्या लागू लागल्या. वयाचं कारणही खरं आहे. वयाबरोबर मेंदू किंचित आक्रसतो, कवटी आणि मेंदू यांच्यामधल्या शिरा ताणल्या जातात, आणि तरुणपणी नुसती झिणझिणी आणणारा ठोसा त्या शिरा तोडू शकतो.

वयाच्या आकड्यावर सरसकट रेघ मारणाऱ्यांसमोर नेहमी माजी हेवीवेट विजेता जॉर्ज फोरमन उभा केला जातो. 1994 मध्ये त्याच्या लढतीला मान्यता द्यायला एका जागतिक संघटनेने वयाकडे बोट दाखवून नकार दिला. तो न्यायालयात गेला आणि जिंकला. 5 नोव्हेंबरला 45 व्या वर्षी, पहिल्या नऊ फेऱ्या गुणांवर हरत असताना, त्याने दहाव्या फेरीत 26 वर्षांच्या विजेत्याला झोपवलं. त्यावरून "वय नुसता आकडा" म्हणणं घाईचं आहे. मधली दहा वर्षं, 1977 ते 1987, त्याने एकही लढत खेळली नव्हती, म्हणजे तेवढा मार वाचला. शिवाय पायांवर त्याचा खेळ कधी नव्हताच. सर्वांत उशिरा जाणारी गोष्ट, ठोशाचं वजन, हेच त्याचं भांडवल होतं. उलट ज्याचा सगळा खेळ चपळाईवर होता तो रॉय जोन्स मार्च 2003 मध्ये हेवीवेटचा किताब जिंकून, स्नायू उतरवून खालच्या वजनात परत गेला आणि मे 2004 मध्ये 35 व्या वर्षी दुसऱ्याच फेरीत पडला. आणि होम्स? जानेवारी 1988 मध्ये तोही परत आला आणि चौथ्या फेरीत गारद झाला. तेव्हा त्याचं वय 38 होतं, अलीचं त्याच्यासमोर होतं तेवढंच.

आपल्याकडे हा वाद मणिपूरच्या सहा वेळच्या विश्वविजेतीवरून, मेरी कोमवरून, झाला. 2021 च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये तीही 38 वर्षांची होती. पहिली फेरी तिने 4-1 अशी गमावली, पुढच्या दोन्ही 3-2 अशा घेतल्या, आणि तरी एकूण निकाल 2-3. तीनपैकी दोन फेऱ्या जिंकून हरली कशी, यावर बराच गदारोळ झाला. हिशेब सोपा आहे: पाच पंच आपापली बेरीज करतात, फेऱ्यांची बेरीज कुणी करत नाही. पण वयाचा मुद्दा पहिल्या फेरीतच होता. गाडी तापायला तीन मिनिटं लागली आणि लढत नऊच मिनिटांची होती. हौशी बॉक्सिंगमध्ये 40 ची मर्यादा आहे, तिथे चर्चेला जागाच ठेवलेली नाही.

कुस्तीची फुटपट्टी इथे जशीच्या तशी लावता येत नाही, हेही सांगायला हवं. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या जत्रेत जोड लावणारे वस्ताद दोघांच्या खांद्यांवर हात ठेवून, दंड-मांड्या बघून ठरवतात. उतरलेला पैलवान शेवटच्या कुस्तीऐवजी खालच्या बक्षिसाची कुस्ती घेतो, चांगला असेल तर बरोबरीत सोडवतो, आणि हलगी वाजतच राहते. चितपट झाला तर पाठीला माती लागते, डोक्याला नाही. बॉक्सिंगमध्ये अशी मधली पायरी नव्हती.

ती पायरी आता बाजाराने तयार केली आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये टेक्सासने 58 वर्षांच्या माजी विजेत्याला, माइक टायसनला, परवाना दिला. फेऱ्या आठच, त्याही दोन-दोन मिनिटांच्या, आणि हातमोजे नेहमीच्या 10 ऐवजी 14 औंसांचे. मेमध्ये अल्सर उफाळल्यामुळे ती लढत आधीच एकदा पुढे ढकलली होती. एवढी सूट देऊनही निकाल व्यावसायिक कारकिर्दीत धरला गेला, हे मात्र पटण्यासारखं नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये ऑलिंपिकला वयामुळे नाकारलेला फिलिपिन्सचा माजी विजेता मॅनी पॅकियाओ जुलै 2025 मध्ये 46 व्या वर्षी थेट जागतिक किताबासाठी पूर्ण 12 फेऱ्या लढला. एका पंचाने विजेत्याला 115-113 दिले, दोघांनी 114-114, म्हणून बरोबरी. तिन्ही गुणपत्रकांवर शेवटच्या तीनही फेऱ्या 30 वर्षांच्या विजेत्याच्या नावावर आहेत.